पिठावरची धूळ

मी पंखा लावला. एवढंच केलं. बाबा गेले त्या जागी पीठ पसरलेलं होतं, आन् मी, घरातला थोरला मुलगा, पंखा लावला.

आता काहून लावला ते सांगतो. आमचे आजोबा वर्ध्याहून जबलपूरला रेल्वेत आले, बाबा फॅक्टरीत लागले, मी कशातच लागलो नाही म्हणून घमापुरात पंखे-कूलर दुरुस्तीचं दुकान टाकलं, तर हाताला खोडच जडली, कोणाच्याही खोलीत शिरलो की आधी बटन दाबायचं आन् आवाज ऐकायचा, बेअरिंग गेलं का म्हणून. मयतीला गेलो तरी दाबतो. लोक म्हणतात, भैया, यहाँ तो रहने दो.

तर आमच्याकडे माणूस गेला की त्या जागी दिवा लावतात, बाजूला पीठ पसरतात, वर टोपली झाकतात आन् सकाळी उचलून पाहतात, पाऊल उमटतं म्हणे, पुढच्या जन्माचं, पाखराचं, गाईचं, कशाचंही. आईला एकच पाहायचं होतं. लकव्यानंतर बाबांचा डावा पाय घासत यायचा, ठप, सर्र, ठप, सर्र, शेवटपर्यंत तेच. आई म्हणे, पाखरू झाले तर सुटले, नाहीतर निदान दोन्ही पाय उचलून गेलेले दिसू दे. सकाळी तिनं टोपली उचलली, पीठ कोरं दिसलं, पण डोळ्यांचा भरवसा नाही म्हणून चष्मा आणायला गेली, तेवढ्यात मी आत शिरलो आन् माझा हात गेला बटनावर.

थंडीचे दिवस, पंखा दिवाळीपासून बंद. मी चटकन बंद केला, पण पहिल्या दोन फेऱ्यांतच पात्यांवरची धूळ सुटली आन् राखी पुंजके पिठावर पडले. आई चष्मा लावून आली आन् मटकन खाली बसली. एक गोल ठिपका, एक लांब फराटा, पुन्हा गोल, पुन्हा लांब, थेट दाराकडे. काय सांगू तुम्हाला, धंद्यात पोती भरभरून धूळ झाडली असेल मी, पण अशी चालत जाताना नाही पाहिली.

आई म्हणाली, तिकडंही घासतच चालून राहिले रे.

मी म्हटलं, अगं आई, ही पंख्याची धूळ, मीच लावला पंखा, यात बाबा कुठून आले? आन् बायकोला आवाज दिला, सुनंदा शाळेत विज्ञान शिकवते, म्हटलं सांग हिला धुळीत काय असतं ते. तिनं बिचारीनं सरळ सांगितलं, रस्त्याची माती, गादीचा कापूस, उदबत्तीची राख, केस, माणसाची झडलेली कातडी. आन् बोलता बोलता थांबली. त्या पंख्याखाली इतकी वर्षं बाबाच झोपत होते.

आई म्हणाली, अच्छा, म्हणजे तेच आहेत.

मग कोणाला झाडू घेऊन आत जाऊ दिलं नाही तिनं. पीठ मुंग्यांनी कण कण करून नेलं, धूळ तेवढी राहिली. होळी झाली, उकडायला लागलं, पण तो पंखा लावायची कोणाची हिंमत नाही. खिडक्या बंद, तरी धूळ चढून राहिली. सुनंदा म्हणते, दाराच्या फटीतून येते. म्हणते, पण स्वतः आत जात नाही. आई दिवसभर उंबऱ्यावर बसून तो फराटा पाहते, पोळी अर्धी टाकते, हाडं दिसायला लागली तिची.

परवा राहवलं नाही मला. आई आंघोळीला गेली तसा अनवाणी आत शिरलो आन् त्या धुळीतून दोन्ही पाय नीट उचलून दारापर्यंत आलो, डावा, उजवा, डावा, उजवा, एक फराटा नाही. म्हटलं, आई, ये, बघ, सुटले बाबा.

आई वाकली. मीही वाकलो, तेव्हा दिसलं. माझ्या पावलांच्या शेजारून अजून एक रांग होती, अरुंद पावलांची, दोन्ही पाय स्वच्छ उचललेली. आत जाताना ती नव्हती. देवाशपथ नव्हती.

आईनं त्या अरुंद पावलाला बोट लावलं, बोट कपाळाला लावलं. त्या दिवशी दोन पोळ्या खाल्ल्या तिनं, पोटभर. पण त्याआधी चष्म्यावरून माझ्याकडे पाहून म्हणाली, आन् हे रेड्याचे पाय पूस आधी, बाप धड चालायला लागला तर तिथंही तू मधे लुडबुडला.