बटण नसलेली नोंदणी

ग्लेनिस: साइट उघडतच नाही, गोल गोल फिरतंय नुसतं. चहा केला, प्यायले, कप विसळून ठेवला, तरी फिरतंयच.

टॅमसिन: ग्लेनिस, तुम्ही सेक्रेटरी. आज पाच वाजता गावच्या कृषी प्रदर्शनाची नोंदणी बंद, आणि मला बोलावताय आज दुपारी. साइट मीच केलीय ना?

ग्लेनिस: मला वाटलं, लोकांची झुंबड उडालीय म्हणून हळू चालतेय. बरं वाटत होतं.

टॅमसिन: झुंबड आहे, पण वळूंची. पहिल्याच पानावर हे फोटो कुणी टाकले?

ग्लेनिस: व्हर्नने. एक तर अध्यक्ष, त्यात माझा नवरा. त्याला नाही कोण म्हणणार?

टॅमसिन: कॅमेऱ्यातून निघाले तसेच चढवलेत. यातल्या एकाने अख्खा हॉल झाकता येईल. प्रत्येकाला आधी हे कळप उतरवून घ्यावे लागतात, मग फॉर्म.

ग्लेनिस: तो म्हणाला, वळूचा केस न केस दिसला पाहिजे.

टॅमसिन: लहान केला तरी वळू वळूच दिसतो. हं, झालं. उघडा आता.

ग्लेनिस: अगंबाई, आलं की. आणि हे बघ, मेंढ्यांच्या नोंदी धडाधड यायला लागल्या. घोडेही आले.

टॅमसिन: आणि फ्रूटकेक?

ग्लेनिस: एक.

टॅमसिन: कुणाचा?

ग्लेनिस: माझा. परवाच भरला, ऑफिसातल्या या कॉम्प्युटरवरून.

टॅमसिन: आणि डल्सी? पहिल्या नंबरची निळी फीत तीच नेते ना दरवर्षी? तुम्ही दुसऱ्या.

ग्लेनिस: अकरा वर्षं. मी काही मोजत बसत नाही.

टॅमसिन: मग तिचं नाव कसं नाही?

ग्लेनिस: सकाळी फोन होता तिचा. म्हणे सगळं भरलं, पण पाठवायचं बटणच नाही. मी म्हटलं, साइट हळू आहे, थांब, येईल.

टॅमसिन: कशावरून भरतेय ती?

ग्लेनिस: महिला मंडळाच्या टॅबवरून. आम्ही बायकांनी मिळून घेतले होते, स्वस्तात पडले. त्यातलाच एक बघ, त्या खणात आहे.

टॅमसिन: हा? यातला ब्राउझर माझ्या कुत्र्याहून म्हातारा आहे. थांबा. नाव आलं, केक आला, आणि खाली... काही नाही. यंदा मी नवी मांडणी केली, ती याला कळतच नाही. मी सगळं नव्या फोनांवर तपासलं, आणि हा राहिला.

ग्लेनिस: म्हणजे थांबून उपयोग नाही.

टॅमसिन: नाताळापर्यंत थांबली तरी बटण यायचं नाही. आणखी कुणाकडे आहेत असे टॅब?

ग्लेनिस: केक करणाऱ्या सगळ्या जणींकडे.

टॅमसिन: तुम्ही सोडून.

ग्लेनिस: माझ्या टॅबवर व्हर्न बसला, फुटला तो.

टॅमसिन: केक झाला तुमचा?

ग्लेनिस: घाई काय आहे? एकटीच असले तर उरलासुरला नेला तरी पहिलाच यायचा.

टॅमसिन: दहा मिनिटांचं काम आहे हे. करू?

ग्लेनिस: वाजले किती?

टॅमसिन: साडेचार.

ग्लेनिस: चहा घेतेस आधी?

टॅमसिन: ग्लेनिस.

ग्लेनिस: बिस्किटं पण आहेत.

टॅमसिन: तुम्ही नको म्हणालात तर नाही करत. साइट तुमची.

ग्लेनिस: तिच्या फ्रीजवर लावलीय गं ती फीत. चहाला फ्रीजमधलं दूध काढायला उठली की आधी ती सरळ करते, माझ्यासमोर. आता माझ्या फ्रीजवर लागली, तर ती बघायला येणार कोण? तीच. आणि मी तिला काय सांगणार, तुला बटण नव्हतं म्हणून? कर बाई, कर पटकन.

टॅमसिन: ...आलं. या टॅबवर दिसतंय. लावा फोन.

ग्लेनिस: (फोनवर) डल्सी, पान परत उघड. खाली बघ, सगळ्यात खाली. दिसलं? ...दाबू नकोस म्हटलं तर ऐकशील? ...थट्टा गं. दाब. आणि बाकीच्या जणींना कळव, पाच वाजायच्या आत. ...हो, प्रत्येक मनुकेचे दोनच तुकडे करायचे, स्पर्धेचा नियम तोच आहे. तुला मी सांगायला हवं का?

टॅमसिन: आली. फ्रूटकेकला आता दोन नावं.

ग्लेनिस: मग कुलूप तू लाव, मी निघते. मनुका भिजत घालायच्यात.