द्वारकाबाईंचा फोटो

जालन्यातल्या दवाखान्यात बाकावर माझ्या शेजारी दोन जावा बसल्या होत्या. थोरलीच्या मांडीवर छातीच्या फोटोची दोन पाकिटं होती, एक जुनं आणि एक नवं.

"अक्का, आज तरी डॉक्टरला खरं सांगा."

"काय सांगू? दोन सालाखाली मशीनवर मी न्हाई, माझी जाऊ गेल्ती?"

"तुम्हीच म्हनल्या, आत बाप्या मानूस हाय, मी कपडे काढनार न्हाई. माझं नाव सांग अन् तू जाय."

"तू न्हाई म्हनायचं व्हतं."

"तुमच्यापुढं कधी न्हाई म्हनले मी? वर म्हनल्या, छातीत वाताची गाठ हाय, जिरून जाईल."

"आता काखेत बी लागून राह्यली हाताला."

"अन् तवा फोटो चांगला आला म्हनून तुमच्या मालकांनी गल्लीभर पेढे वाटले."

"तू बी खाल्ला."

"माझ्या गळ्याखाली उतरला न्हाई, अक्का."

"माझ्या उतरला. मला वाटलं, कागदावर बरी हाय म्हंजी बरीच हाय."

"डॉक्टर दोन्ही फोटो शेजारी लावून पाहतीन."

"पाहू दे. पन मालकांना बिलकुल सांगू नको. तवा गाठ दावली न्हाई म्हनून आठ दिवसांपासून ते त्या मशीनला शिव्या देऊन राह्यले."

"देऊ द्यायच्या?"

"मशीनला शिव्या लागत न्हाईत. तुला लागतीन. मी गेल्यावर बी लागतीन."

आतून नर्सनं हाक मारली, "द्वारकाबाई तातेराव!"

धाकटी चटकन उठून उभी राहिली.

"बस खाली," थोरली म्हणाली. "आता मलाच जाऊ दे."