लाल बटण आणि दचकणारी आजी

...आणि वर मलाच विचारतात, ‘लुद्मिला, तुझी आजी सारखी दचकते का गं?’ तुम्हाला सांगते, आजी नाही दचकत, मी दचकते! आणि आजी म्हणजे माझी सख्खी नव्हे हो, ती बिचारी दगडासारखी झोपते. ही पडद्यावरची, जाहिरातीतली. आमच्या रोसारियो शहरातल्या इवल्याशा स्टुडिओत बसून मी हलवते ती. तिनं करायचं काय, तर किटलीतलं पाणी भोपळ्याच्या वाटीत ओतायचं, वाटीतल्या नळीला बोट टेकवायचं आणि नातवाच्या हातात मात्ते, म्हणजे आमच्याकडचा चहासारखा कडू काढा, द्यायचं. बस्स! हसायचंसुद्धा नाही, हसतो नातू, आणि तो शेजारच्या खुर्चीवरच्या नाउएलकडे आहे.

आता ती हलते कशी, तर कीफ्रेमनं. कीफ्रेम म्हणजे खिळा समजा. हात इथे, ठोक एक खिळा. हात तिथे, ठोक दुसरा. मधला प्रवास संगणक करतो, अगदी लोण्यासारखा. आणि एक लाल बटण असतं. ते चालू असलं की हात नुसता हलवला तरी खिळा आपोआप बसतो. तुम्ही म्हणाल, मग बंद ठेव की बाई! ठेवलं होतं हो! एकदाच. अख्खी दुपार आजीला सुंदर बसवलं, खिळा मारायला विसरले, आणि एका क्लिकमध्ये सगळं गेलं! तेव्हापासून ते बटण बंद दिसलं की मी आधी ते दाबते. म्हणून लाल बटण चालू.

आणि त्यात आमचा नाउएल! मात्ते भरून सगळ्यांना फिरवायचं काम त्याचं. पायात दोरीच्या तळव्याचे कापडी बूट, आवाज म्हणाल तर मांजरीचाही जास्त. मी आपली आजीच्या मनगटात जीव ओततेय, श्वास रोखून... आणि कानाशी एकदम ‘घे!!’ घाबरलेला हात काय करतो? मूठ आवळतो. मुठीत काय? माऊस! आजीचा हात थेट छताला... आणि लाल बटण चालू! वाटी रिकामी करून परत देईपर्यंत तो खिळा मी विसरलेली!

नको म्हणायचं? अहो, आमच्याकडे नको म्हणत नाहीत, ‘ग्रासियास’ म्हणतात, आभारी आहे. आणि ते एकदा म्हटलं की संपलं, त्या दिवशी वाटी पुन्हा तुमच्याकडे वळत नाही, आणि जो तो विचारतो, पोट बिघडलंय का, भांडण झालंय का, कुणी गेलं का! मी तर उमेदवारीवर. ग्रिसेल्दानं, म्हणजे आमच्या मालकीणबाईंनी, स्वच्छ सांगितलं होतं, ‘शुक्रवारी डॉन एवारिस्तो येणार. त्यांना सीन आवडला तर तू कायम. नाही आवडला तर... बघू.’ बघू! या ‘बघू’वर मी आठवडाभर जेवले नाही. डॉन हा मान हो, ‘साहेब’सारखा; एवारिस्तो म्हणजे मात्तेच्या पत्तीचे मालक, जाहिरात त्यांची, मिसियोनेसमधल्या मळ्यातच जन्मलेले.

शुक्रवारी सकाळी ग्रिसेल्दा म्हणाली, दाखव. लावलं. आजी पाणी ओतते, छान. बोट टेकवते, छान. आणि मग आजी... नळी ढवळते.

ग्रिसेल्दानं छातीवर क्रूस काढला. अहो, हात किटलीतून आरपार गेला असता तरी चाललं असतं, पण ढवळलेली नळी? पत्तीत एकदा रोवलेली नळी हलवायची नसते हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला कळतं!

‘डॉन एवारिस्तोंना हे दिसलं,’ ग्रिसेल्दा अगदी हळू म्हणाली, ‘तर ते आपल्याला गाडतील. उभं.’

बसले मग माझ्या दचकण्याचे खिळे उपटायला. वाटतं तितकं सोपं नाही हं! एक उपटला तर आजीचा हात खरंच किटलीतून आरपार. म्हणजे तो कामाचा होता. परत ठोका. दुसरा? हा दार आपटलं तेव्हाचा. हा शेजारच्या कुत्र्याचा. हा ग्रिसेल्दा शिंकली तो, बघा ना, केवढा उंच! माझ्या भित्रेपणाची अख्खी कुंडली पडद्याखालच्या वेळेच्या रेघेवर मांडलेली. एकेक ओळखून काढत, शेवटाला आले, आता एकच राहिला, आणि कानाशी... ‘घे!!’

लाल बटण चालू!

तेव्हा, तुम्हाला सांगते, माझ्या तोंडून निघून गेलं. ‘ग्रासियास.’

नाउएल वाटी धरून उभा. ‘मला? मला ग्रासियास? का, पाणी उकळून पत्ती जळली होती? आईशप्पथ उकळलं नव्हतं!’

‘तसं नाही रे...’

‘घरी सगळं ठीक आहे ना, पोरी?’ ग्रिसेल्दा.

‘पाणी उकळलं असतं तर सांगायचं तोंडावर,’ असं पुटपुटत तो कोपऱ्यात गेला. मला रडू येत होतं, पण शांतता मिळाली! सगळे खिळे उपटले. आजी अशी वाहायला लागली की मीच टाळी वाजवली, आणि टाळीला मीच दचकले.

डॉन एवारिस्तो आले. काखेत थर्मास, हातात स्वतःची वाटी. सीन बघितला, डोळे ओले. ‘ते बोट टेकवते ना, तिथे थांबव पोरी,’ म्हणाले. थांबवलं. हात माऊसवर, डोळे पडद्यावर, मनात म्हणतेय, झालं, जमलं, कायम झाले... आणि म्हातारबाबा मागून मायेनं माझ्या कानाशी वाटी आणून, ‘घे!!’

आजीनं नळी दूध आटवायला बसल्यासारखी गरागरा फिरवली. मी झटकन मागे घ्यायचं बटण दाबलं. आजी पुन्हा निष्पाप.

‘हिनं,’ डॉन एवारिस्तो सावकाश म्हणाले, ‘नळी ढवळली?’

मी तोंड उघडायच्या आत बोललं कोण? नाउएल! ‘छे हो डॉन! पडद्यावर ऊन आलं.’ ग्रिसेल्दानं धावत जाऊन खिडकीचा पडदा ओढला. बाहेर आभाळ भरलेलं.

म्हाताऱ्यांनी आजीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, एक लांब घोट घेतला. ‘ऊनच असणार. अशी बाई ढवळायची नाही.’

झाले मी कायम! फक्त ग्रिसेल्दानं एक अट घातली, ‘आजपासून मात्ते तू फिरवायचं. वाटणाऱ्याला मागून कोण दचकवणार?’ पटलं मला. मी तर किती जपून जाते, चवड्यांवर, श्वाससुद्धा न घेता, आणि अगदी हळूच, कानाशी, ‘घे’ म्हणते.

काल नाउएल खुर्चीवरून पडला. त्याच्या पडद्यावरचा नातू अजून हसतोय, कानामागून... काय करणार, लाल बटण चालू होतं.