चौथ्या मजल्यावरची पाहणी

— न्हाई साहेब, कुलूप रोज नसतं. असतं कधीमधी. घर बंद असतं असा अर्ज कोनी दिला, खालच्या सुनीलनं? देऊ द्या. बसा तुमी, खाटंवर बसा. दया अब्राहाम साळवे — व्हय, मीच. यादीत ह्यांचं नाव हाय. सोडतीत घर लागलं तवा हे हुते, चावी मिळाली तवा न्हवते. मधी चार वर्षं गेली ना.

मी मूळची तिसगावची. हे इथं नगरला शाळंत शिपाई, म्हनून लग्नानंतर इकडं आले. सव्वीस वर्षांत सात खोल्या बदलल्या आमी. करार अकरा महिन्यांचा — धावा महिना लागला की ह्यांचं जेवन कमी व्हायचं, मालक काय म्हनतोय आता. एकानं तर कागदच केला न्हाई, राहा म्हनला तोंडी, आन् पोराचं लग्न ठरल्यावर आठ दिवसांत खाली करा म्हनला. आमची एंजल तवा धाव्वीला, दोन पेपर राह्यलेले. हातगाडीच्या मागं चालत पोरगी इतिहास वाचत हुती. त्या दिवशी मीच ह्यांच्या मागं लागले, सरकारी घराचा फॉर्म भरा. ह्यांच्या मनात न्हवतं. म्हनायचे, गावाबाहेर वळखीचं कोन हाय आपल्या? मी म्हनलं, नसंना का, निघा तरी कोनी म्हननार न्हाई.

आन् खरंच कोनी म्हनत न्हाई. कोनी काहीच म्हनत न्हाई साहेब. समोरच्या घरात मानूस न्हाई, शेजारचे सकाळी गेले की अंधार पडल्यावर येतात, दार लावून घेतात. एंजल पुण्याला नर्स, रविवारी फोन करती. मी शनिवारीच ठरवून ठेवते तिला काय काय सांगायचं — मंग फोनवर म्हनते, बरी हाय मी.

लाइट बिल? हे घ्या. कमी हाय, व्हय. एकटीला किती लागतंय, पंखा लावतच न्हाई मी — असं बघू नका साहेब. बरं, सांगते. दोन महिने झाले, मी इथं झोपत न्हाई. माळीवाड्यात आमची शेवटची खोली, तिथं आता भार्गवी म्हनून पोरगी भाड्यानं राहती. नवरा एमआयडीसीत. मी तिथं गेले हुते ते आमचं टपाल आलंय का बघायला — न्हाई, टपाल कसलं, नुसतं दार बघायला गेल्ते. तिचं लेकरू रडत हुतं, हात पिठात, म्हनली मावशी, घेता का जरा? घेतलं. दुसऱ्या दिवशी परत गेले. एकदा बस चुकली, राह्यले. मंग बस पकडायचीच सोडून दिली.

हे लिहिलंच का तुमी? लिहा.

पन पुढचंबी लिहा. परवा मालकानं मला तिथं पाह्यलं. करारात दोनच मानसं हायेत, तिसरं कोन? भार्गवी म्हनली, मावशी हाय माझी. त्यानं आजची शेवटची तारीख दिली, खाली करा म्हनला. माझ्यापाई, साहेब. तिनं मला एका शब्दानं बोल लावला न्हाई. नुसती भांडी गोळा करत बसली, तिला बघवंना मला.

म्हनून विचारते — ह्या घरात कोनाला भाडं न घेता ठेवलं तर? पाहुने म्हनून? नात्यातलं कोन न्हाई ती, खोटं कशाला बोलू. अर्ज करावा लागंल? करते. आन् नामंजूर झाला, तरी ठेवलं तर घर जाईल म्हनता. जाईल तवा जाईल. दोन खोल्या हायेत, आन् मी एका कोपऱ्यात बसून ह्यांच्या फोटोशी बोलते.

पाहनीच्या कागदावर कुठं करायची सही? इथं? झाली.

आता तुमी उतरा, साहेब. खाली भार्गवीचा टेम्पो लागलाय, त्यांचं कपाट वर चढवतायत — जिना अरुंद हाय, तुमी मधी असला तर ते वर येनार न्हाई.