गज कुणाचा उलटा?

मंडळी, एक प्रश्न विचारतो. गुरूच्या समोर बसावं, की शेजारी? — समोर! बघा, सगळे एका सुरात म्हणालात! मीही जन्मभर तेच म्हणत आलो. पण कुरुंदवाडच्या यमूताईंची गोष्ट ऐकली, आणि तेव्हापासून हे तुमचे कीर्तनकार बुवा गोंधळात आहेत!

ऐका. तिथं नरहरअण्णा व्हायोलिन शिकवायचे. चार बाप्ये शिष्य — ते अण्णांच्या शेजारी, त्यांच्याच सतरंजीवर ऐसपैस बसायचे. पाचव्या यमूताई. फार मर्यादेच्या! गुरूच्या बैठकीला पाय लागेल म्हणून समोर, लांब, आपलं वेगळं बस्कर टाकून बसायच्या. डोळे सगळे अण्णांच्या गजावर — तारेवर फिरवतात ती घोड्याच्या केसांची काठी हो! अण्णांचा गज दाराकडे गेला, यांचा दाराकडे. अण्णांचा खिडकीकडे, यांचाही खिडकीकडे. गुरू खूश! "वा यमू, कसा माझ्याबरोबर चालतो गं गज!"

सूर चोख, ताल चोख. पण सम आली — तालाची पहिली मात्रा, जिथं तुम्ही माना हलवता ती — की यमूताईंचा सूर मलूल!

"समेलाच काय होतं गं तुला?"

"कळत नाही, अण्णा."

"मलाही कळत नाही! भाव कमी पडत असेल."

झालं! तो शब्द बाईंच्या काळजात रुतला. सोमवार धरला, गुरुवार धरला, प्रदक्षिणा घातल्या. उपासानं हात लटपटायला लागला — सम आणखी मलूल! हसू नका. आपण काय वेगळं करतो?

दत्तजयंती आली. देवापुढं सगळ्यांनी एका ओळीत बसून वाजवायचं. यमूताईंनी मनाशी ठरवलं — या वेळी सम वाजली नाही, तर व्हायोलिन अण्णांच्या पायाशी ठेवायचं नि सोडून द्यायचं. आपल्यात भक्तीच नाही!

आदल्या दिवशी तालीम. यमूताई पहिल्यांदाच अण्णांच्या शेजारी बसल्या, अंग चोरून. सुरुवात झाली — खट्! गजावर गज! पुन्हा — खट्!

"यमू, उलटा का ओढतेस?"

"तुम्ही करता तसंच करते, अण्णा!"

"मी असं करतो?"

"समोरून बघा हवं तर!"

अण्णा उठून समोर गेले. वाजवलं — दोघांचे गज दाराकडे. बरोबर! शेजारी आले — खट्! चूक! आता काय म्हणावं? एक शिष्य म्हणाला, "जागाच बाधली असेल, अण्णा. नारळ फोडू या?"

अण्णांनी आपला उजवा हात बघितला, तिचा बघितला, आणि कपाळाला हात लावला. "अगं, माझं उजवं ते समोरून तुझं डावं! मी ओढतो तेव्हा तू ढकलतेस. ओढताना हाताचं वजन पडतं, म्हणून सम ओढून घ्यायची. ढकलल्या गजाला वजन कुठनं येणार? भाव कमी नव्हता गं. भाव होता म्हणूनच इतकी लांब बसलीस! आणि मी आंधळा, कौतुक करत राहिलो."

सवय काय एका रात्रीत मोडते? दुसऱ्या दिवशी सगळे वाजवतायत, यमूताई गज मांडीवर ठेवून गप्प. सम जवळ आली — गज उचलला, उजवीकडे ओढला! नुसती सम! मंडळी, अख्ख्या मंडपाच्या माना हलल्या. यमूताई रडत होत्या, आणि अण्णाही.

आता सांगा! आपण देवासमोर बसतो, हात जोडतो, त्याच्याकडे टक लावून बघतो. पण तो कुणाकडे बघतोय? — विचार केलात कधी? मी हा देवासमोर उभा, तुम्ही माझ्या अवतीभवती. यात माझं उजवं कुठलं नि त्याचं कुठलं, मला तर काही उमगेना झालंय!

म्हणून आज आरतीआधी एक करा. एकेकानं इथं पायरीवर यायचं, देवाच्या शेजारी उभं राहायचं, आणि तो बघतो तिकडं बघायचं. मंडपात कोण दिसतं बघा! ज्याच्याशी बोलणं टाकलंय, तो दिसेल. मागं खांबाला टेकलेली तुमची आई दिसेल. देव तिच्याकडे बघतोय, आणि तुम्ही तिच्याकडे पाठ करून देवाकडे!

चला, पहिलं कोण येतंय?