आवाज माझ्यातून गेला

तुम्ही हसाल, पण परवा मी नातीच्या कॉम्प्युटरवर हात ठेवून सबंध सकाळ बसलो होतो.

आमची श्रद्धा नर्स आहे. जर्मनीतल्या एका दवाखान्याची तिची मुलाखत होती, तीही त्यांच्याच भाषेत. एक शब्द चुकीचा ऐकू आला तरी नोकरी जायची. आणि ऐन वेळी हेडफोनमध्ये घूं घूं सुरू झालं. तिनं मलाही ऐकवलं. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशावर कामाला होतो, तिथं ट्रान्सफॉर्मरपाशी असाच आवाज यायचा.

तिनं वायरी काढून लावल्या, हेडफोन बदलला. घूं जाईना. पोर रडकुंडीला आली. धीर द्यायला मी जवळ गेलो आणि वाकताना हात कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्यावर टेकला.

"आबा, हलू नका. आवाज गेला."

हात उचलला की घूं, टेकवला की शांत. फरशी गार लागली म्हणून चपला घातल्या, तर परत घूं.

"चपला काढा, आबा. आपल्या घराला अर्थिंग नाही. तो आवाज तुमच्यातून जमिनीत उतरतोय."

एवढा मोठा आवाज माझ्यातून जात होता, आणि मला तळहातावर मुंगी चालल्याइतकंच जाणवत होतं. मी श्वाससुद्धा जपून घेतला. ती मात्र मुलाखतीत त्यांच्या भाषेत घडाघडा बोलत होती.

शेवटी तिनं हेडफोन काढला. "झालं आबा, काढा हात."

"घेतलं का त्यांनी तुला?"

"उद्या कळवतील."

"मग तोवर राहू दे हात," मी म्हणालो.