फूटपट्टी

"बाबा, फूटपट्टीनं का मारायचात?" मुलीच्या या पत्राला निवृत्त ग्रंथपालांनी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं, नुसते खर्डे फाडले होते. आज पोस्टाच्या रांगेत त्यांच्यापुढे सासू-सून उभ्या होत्या.

"लेकराला चापट मारली तरी गुन्हा? असला कसला कायदा आणतायत!"

"आई, हळू बोला. छकुलीच्या गालावर माझी बोटं उठलीत. शाळेत बाईंनी पाहिलं तर?"

"पडली म्हणून सांग."

"ती खरं सांगेल हो."

"तुझ्या नवऱ्याला मी लाटण्यानं बडवलाय. बिघडला का?"

"नाही. पण तुम्ही डोक्यावरून हात फिरवायला गेलात, की ते अजून मान चुकवतात."

रांग पुढे सरकली.

ग्रंथपालांनी कार्ड घेतलं. "चूक तुझी नव्हती, माझी होती," एवढंच लिहिलं आणि पुन्हा न वाचता पेटीत टाकलं.